उसन्या लयीतली सतरा गाणी : ‘आय ॲम सॅम’चा साउंडट्रॅक

बीटल्स या ब्रिटिश बँडची सतरा गाणी नव्याने गाऊन घेतली, तीही प्रत्येक वेळी वेगळ्या कलाकाराकडून, आणि सगळ्यांना घातलेली अट एकच : लय मूळ गाण्याचीच ठेवायची. ‘आय ॲम सॅम’ या चित्रपटाचा साउंडट्रॅक असा तयार झाला. व्ही टू रेकॉर्ड्सने तो जानेवारी २००२मध्ये काढला. कव्हर गाण्यांचे, म्हणजे दुसऱ्याची गाणी नव्याने गायलेले, अल्बम एरवी कलाकाराच्या मर्जीवर चालतात. कुणी गाणं निम्म्या वेगाने म्हणतं, कुणी त्याचं नाचगाणं करतं. इथे ती वाट बंद होती. या अल्बममधलं जे काही उत्तम आहे ते त्या अटीमुळे आहे आणि जे पडलंय तेही तिच्यामुळेच. म्हणून तो ऐकताना अट लक्षात ठेवावी, नाहीतर अर्धी गाणी उगाच ‘मूळासारखीच’ वाटून बाजूला पडतात.

आधी चित्रपटाबद्दल थोडं, कारण गाण्यांची निवड त्यातूनच आली आहे. जेसी नेल्सन दिग्दर्शिका, शॉन पेन मुख्य भूमिकेत. सॅम हा बौद्धिक अपंगत्व असलेला बाप, आणि मुलीचा ताबा त्याच्याकडे राहावा की नाही यावर खटला. सॅमला जगातली प्रत्येक गोष्ट बीटल्सच्या गोष्टींतून समजते. मुलीचं नावही त्याने लूसी डायमंड ठेवलंय. अशा चित्रपटात बीटल्स पार्श्वभूमीला असून चालत नाहीत, ते नायकाच्या बोलण्यातच मुरलेले आहेत. त्यामुळे ‘गाणी मिळाली नाहीत, दुसरी टाकू’ हा पर्याय निर्मात्यांकडे नव्हताच.

आणि गाणी मिळाली नाहीत. नेमकं काय मिळालं नाही, हे समजून घ्यायला हवं. कोणतंही गाणं चित्रपटात वापरायचं तर दोन वेगळे हक्क लागतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे त्या विशिष्ट दिवशी त्या विशिष्ट माणसांनी गाऊन-वाजवून टेपवर उतरवलेला आवाज. बीटल्सची बहुतेक गाणी रचणाऱ्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या बहुतेक रचनांचे हक्क तेव्हा सोनी/एटीव्ही या प्रकाशकाकडे होते. मूळ ध्वनिमुद्रणांचा व्यवहार पूर्णपणे वेगळ्या दारी होता, आणि बीटल्सचा मूळ आवाज चित्रपटांना क्वचितच मिळतो. पहिला हक्क घ्यायचा आणि दुसऱ्याच्या जागी आपलं स्वतःचं ध्वनिमुद्रण करायचं, म्हणजेच कव्हर. या अल्बमवरची सतराही गाणी लेनन-मॅकार्टनी याच जोडनावाची आहेत. बँडमधल्या बाकीच्या दोघांपैकी गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं एकही नाही, ड्रमर रिंगोचंही नाही. ही उणीव जाणवते, त्याबद्दल पुढे.

आता लयीची अट. चित्रपट मूळ गाण्यांच्या तालावर बेतलेला होता. संकलक दृश्य कापतो तेव्हा बरेचदा ठोक्यावर कापतो : दार बंद झालं, ठोका, मुलगी वळली, ठोका. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या फिल्मवर बरोबर १२ चौकटी. नवं गाणं फक्त दोन टक्के संथ झालं, तरी ३० सेकंदांच्या दृश्याच्या शेवटी ते ०.६ सेकंद मागे पडतं, म्हणजे जवळजवळ १४ चौकटी. ठोका दार बंद झाल्यावर येतो, आणि प्रेक्षकाला कारण कळत नसलं तरी दृश्य लुळं पडलेलं कळतं. दुसऱ्याच्या मापाने बेतलेल्या कपड्यात शिरून तो आपलाच आहे असं दाखवायचं, तसं हे काम.

गंमत अशी की काही गाण्यांच्या बाबतीत ‘मूळ लय’ ही गोष्टच एक नाही. ‘अॅक्रॉस द युनिव्हर्स’ घ्या. फेब्रुवारी १९६८मध्ये मुद्रित झालेल्या एकाच टेकपासून, म्हणजे एका दमात केलेल्या मुद्रणापासून, दोन आवृत्त्या निघाल्या. पहिली १९६९च्या वन्यजीव निधीच्या मदत-अल्बमवर, टेपचा वेग वाढवून, पक्ष्यांच्या आवाजासकट. दुसरी १९७०च्या ‘लेट इट बी’ अल्बमवर, टेप संथ करून, निर्माता फिल स्पेक्टरने वर वाद्यवृंद आणि कोरस चढवून. वेग बदलला की पट्टीही सरकते. एकीत ती वर गेली, दुसरीत खाली आली. नव्या गायकाने मूळ म्हणून कोणती धरायची? रूफस वेनराइटने त्यातून फार शहाणा मार्ग काढला आहे. अॅकॉस्टिक गिटारची अखंड चाल खाली ठेवून सगळं काम त्याने आवाजाकडे दिलंय. त्याचा आवाज किंचित नाकातला, आणि स्वर लांबवण्याची त्याची एक खास खोड आहे : अक्षर संपतं, पण तो त्यातला स्वर सोडत नाही, पुढच्या शब्दावर नेऊनच ठेवतो. लेननचं गाणं शब्दांनी ओसंडणारं आहे, ओळी एकमेकींवर आदळतात. वेनराइट तीच ओळ एका श्वासात ओघळू देतो. संस्कृत पालुपदावर तर हा फरक थेट ऐकू येतो. लेनन तिथे जपाला बसल्यासारखा स्थिर आहे, वेनराइट त्या ‘ॐ’ला आलापासारखं फुलवतो. ठोका तोच, पण गाण्याचा स्वभाव बदलला. या अल्बमचं सर्वोत्तम गाणं हे, आणि अट पाळूनही किती मोकळं होता येतं याचा दाखलाही हाच.

पहिलं गाणं ‘टू ऑफ अस’. एमी मॅन आणि मायकेल पेन. मायकेल हा शॉन पेनचा सख्खा भाऊ, एमी त्याची पत्नी. मूळ गाण्यात मॅकार्टनी आणि लेनन एकाच ओळीवर दोन स्वरांत चालतात, आणि बास गिटार नाही. हॅरिसनने खालच्या तारांवर साध्या इलेक्ट्रिक गिटारनेच ती जागा भरली होती. नव्या आवृत्तीत सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे आवाजांचं अंतर. दोन पुरुषांचे आवाज मूळात एकमेकांना चिकटून होते, इतके की कोण वर आणि कोण खाली हे चटकन कळत नाही. स्त्री आणि पुरुष गायले की ते अंतर उघडं पडतं. ज्या गाण्यात दोन मित्र एकत्र भटकताना ऐकू यायचे, तिथे आता संसार केलेली दोन माणसं बोलताहेत असं वाटतं. वाद्यांत त्यांनी जवळजवळ काहीच बदललं नाही, आणि बदलायची गरजही नव्हती. अल्बमची सुरुवात इथून करण्याचा निर्णय अचूक आहे. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की इथे फेरफार बारीक असणार आहेत, कान जवळ नेऊन ऐकायचंय.

सारा मॅक्लॉक्लनचं ‘ब्लॅकबर्ड’ अनेकांना सगळ्यात जास्त आवडतं. ते गाणं अवघड कुठे आहे ते आधी सांगायला हवं. मॅकार्टनीने ते एकट्याने, गिटार आणि पायाच्या ठोक्यावर, सव्वादोन मिनिटांत संपवलंय, आणि त्यातल्या मात्रा सतत बदलतात : तीन, चार, दोन. शब्द जितके लांब तितका ताल लांब होतो. त्यामुळे त्यावर ड्रमचा सरळ ठेका चढवला की गाणं मोडतं. हौशी बँड हमखास तिथेच फसतात. मॅक्लॉक्लन ठेक्याच्या फंदात पडत नाही. आवाज पुढे, बाकी सगळं मागे. फक्त तिच्या आवाजातला तो श्वास मिसळलेला गोडवा सगळीकडे सारखाच पसरतो. मूळ गाण्यात बोटांचा तारांवरचा खरखरीतपणा होता, तो इथे घासून गुळगुळीत झालाय. सुंदर आहे, पण एक धार गेली.

एडी व्हेडरचं ‘यू हॅव गॉट टू हाइड युअर लव्ह अवे’ ऐकताना पट्टीकडे नाही, वजनाकडे लक्ष द्या. फेब्रुवारी १९६५मध्ये लेननने हे गायलं ते घोगऱ्या, थोड्या त्रासलेल्या आवाजात. शेवटी बासरी येते, ती बाहेरच्या वादकाने वाजवलेली. सहा मात्रांचा डोलणारा ठेका आहे, आणि त्यात धोका हा की गायक त्या झोक्यावर आरामात बसतो. व्हेडरचा आवाज खर्जातला, भरीव. तो प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर ठोक्यावर टेकवतो आणि शेवटचं अक्षर ठोक्याआधीच सोडून देतो. झोका चालू राहतो, पण माणूस त्यात निवांत नाही. लाजेचं, कोंडीचं गाणं आहे ते, आणि व्हेडरने ते तसंच ठेवलंय. मूळाच्या फार जवळ असूनही नक्कल न वाटणारी जी मोजकी गाणी इथे आहेत, त्यांतलं हे पहिलं.

बेन फोल्ड्सच्या ‘गोल्डन स्लंबर्स’बद्दल जरा तपशिलात बोलायला हवं, कारण इथे अडचण गायकाची नाही, गाण्याच्या रचनेची आहे. ही अंगाई इंग्रज नाटककार थॉमस डेकरच्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शब्दांवरून आली. मॅकार्टनीला वडिलांच्या घरी पियानोवर ठेवलेल्या पुस्तकात ते शब्द सापडले, सोबतची स्वरलिपी वाचता येत नव्हती म्हणून त्याने स्वतःची चाल लावली. बीटल्सच्या ‘अॅबी रोड’ अल्बमवर हे गाणं जेमतेम दीड मिनिटाचं आहे आणि ते संपत नाही, थेट ‘कॅरी दॅट वेट’मध्ये ओतलं जातं. त्याची सगळी चढण त्या उडीसाठी बांधलेली आहे. फोल्ड्स ते सुटं वाजवतो. पियानो हाच त्याचा हात, त्यामुळे सुरुवातीचे सूर अतिशय नेमके, अंगाईला शोभणारे. मधल्या उंच ओळीवर तो आवाज ताणतो तेही खरं वाटतं. पण मग पुढे उडी मारायला काठच नाही. गाणं उंबऱ्यावर थांबतं. ज्यांनी ‘अॅबी रोड’ कधी ऐकलाच नाही त्यांना ते छोटं, गोड गाणं वाटेल. ज्यांनी ऐकलाय त्यांचा कान दर वेळी पुढच्या गाण्याकडे धावतो आणि तिथे भलतंच गाणं, द व्हाइन्सचं, सुरू होतं. क्रम लावणाऱ्याने निदान इथे दोन-तीन सेकंद जास्त शांतता ठेवायला हवी होती.

द व्हाइन्स तेव्हा अगदी नवे होते, त्यांचा पहिला अल्बम अजून यायचा होता. त्यांचं ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’ प्रामाणिक आहे, उत्साही आहे. मूळ गाण्याचा जीव मात्र १९६६मधल्या स्टुडिओतल्या करामतींत होता : टेपचा वेग कमीजास्त करून आवाजाला आणलेली झोपाळू झाक, आणि हॅरिसनची उलटी वाजणारी गिटार. हॅरिसनने तुकडा आधी ठरवला, तो उलटा करून वाजवायला शिकला, आणि मग टेप उलटी फिरवून घेतली, म्हणून ते सूर फुगत येतात आणि एकदम तुटतात. हे बँडवर सरळ वाजवलं की गाणं जागं होतं, आणि या गाण्याने जागं होऊ नये.

बेन हार्परपुढचा पेच याहून मोठा. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ ही दोन वेगळ्या टेकची जोड आहे, सातवा आणि सव्विसावा. दोन्हींची लय वेगळी, पट्टी वेगळी. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी एक टेप जरा पळवली, दुसरी जरा रोखली, आणि साधारण साठाव्या सेकंदाला सांधा मारला. परिणामी त्या गाण्याचा सूर पियानोच्या कुठल्याही दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि लेननचा आवाज सांध्यानंतर जड होतो. प्रत्यक्ष वाजवणाऱ्या माणसाला एक पट्टी निवडावीच लागते. निवडली की स्वप्नातला तो तिरपेपणा सरळ होतो. हार्पर चांगला गायक आहे, चाल त्याने जपली आहे. गाणं मूळात ज्यावर उभं होतं ती गोष्ट कुणालाच हाताने वाजवता येत नाही.

‘लूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ हे चित्रपटातल्या मुलीच्या नावाचं गाणं, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा जास्त. ते ब्लॅक क्रोजकडे गेलं. या गाण्याचा कणा म्हणजे तालबदल : अंतरा तीन मात्रांचा, ध्रुवपद चार मात्रांचं, आणि दोन्हींच्या मधे ड्रमचे तीन सरळ ठोके, दारावर थाप मारावी तसे. त्यातच पट्टीही दोनदा बदलते. अंतरा तरंगता राहिला पाहिजे आणि ध्रुवपद जमिनीवर आदळलं पाहिजे. त्यांचा गायक क्रिस रॉबिन्सनचा आवाज ब्लूजमध्ये मुरलेला, खडबडीत. ध्रुवपदात तो मोठ्या रुबाबात उतरतो. अंतऱ्यात मात्र तरंगणं कमी पडतं, कारण तो आवाज मुळात जमिनीवरचाच. अर्धं गाणं अप्रतिम, अर्धं ठीक. तरीही नुसत्या मूळाच्या छायेत न राहता स्वतःचं काहीतरी आणणाऱ्यांत त्यांची गणना करावी लागेल.

वॉलफ्लॉवर्सचं ‘आय ॲम लुकिंग थ्रू यू’ नीटस आहे, त्याहून जास्त काही नाही. शेरिल क्रोचं ‘मदर नेचर्स सन’ हलकं, उन्हातलं, चांगलं. स्टिरिओफॉनिक्सच्या ‘डोन्ट लेट मी डाउन’मध्ये गायक केली जोन्सचा घसा पणाला लागलाय, आणि अंतऱ्याच्या सुरुवातीला येणारी ती जास्तीची मात्रा, चारच्या जागी पाच, त्यांनी न अडखळता घेतली आहे. फक्त मूळ मुद्रणातल्या बिली प्रेस्टनच्या इलेक्ट्रिक पियानोची आठवण येत राहते.

तेराव्यापासून सोळाव्या गाण्यापर्यंत अल्बम मंदावतो. हेदर नोव्हाचं ‘वी कॅन वर्क इट आउट’ हवेत विरघळतं. त्या गाण्यातली खरी चकमक म्हणजे मधला भाग अचानक वॉल्ट्झसारखा फिरतो ती जागा, आणि तिथे वाद्यांनी पाय रोवायला हवा होता. हाउई डेचं ‘हेल्प!’ गायकीच्या दृष्टीने बरं आहे, पण मूळात मागचे आवाज मुख्य ओळीच्या आधीच शब्द उच्चारतात आणि गायक त्यांच्यामागे धावतो, त्यातून ती घालमेल तयार होते. एकट्याच्या जिवावर गाणाऱ्याला ती घालमेल आणणं अवघड. पॉल वेस्टरबर्गचं ‘नोव्हेअर मॅन’ या चौघांत सरस. मूळ सुरू होतं ते तीन आवाजांच्या बिनवाद्याच्या भिंतीने. वेस्टरबर्ग ती भिंत उभारत नाही. एकाकी माणसाबद्दलचं गाणं एकाकी वाटू देतो. ग्रँडडॅडीचं ‘रेव्होल्यूशन’ मवाळ आहे. मूळ सिंगलवरची ती फाटलेली गिटार थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलात जोडून मुद्दाम जास्त पातळीवर वाजवलेली होती, आणि गाण्याचा सगळा चावा तिथेच होता. चावा काढून घेतल्यावर उरतो तो एक शंकेखोर, सौम्य माणूस. हा अर्थ चुकीचा नाही, लेननच्या शब्दांत ती शंका आहेच. पण लागोपाठ इतक्या मऊ गाण्यांनंतर तो मऊपणा अंगावर येतो.

आता दोन गाणी, जी एकत्र ऐकली पाहिजेत. बारावं ‘जूलिया’ आणि सतरावं ‘लेट इट बी’. जूलिया म्हणजे लेननची आई, १९५८मध्ये अपघातात गेलेली. १९६८मध्ये ऋषिकेशला गायक डोनोव्हनकडून बोटांनी तारा छेडण्याची जी पद्धत तो शिकला, तिच्यावर हे गाणं बेतलंय, आणि बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत लेनन पूर्ण एकटा असलेलं हे एकमेव गाणं. ‘लेट इट बी’त मॅकार्टनीची आई मेरी आहे, १९५६मध्ये गेलेली, स्वप्नात येऊन धीर देणारी. चित्रपटात लूसीची आई जन्मानंतर लगेच निघून जाते, बाप एकटा मुलीला वाढवतो. आईविना वाढणाऱ्या मुलीच्या गोष्टीत आई हरवलेल्या दोन मुलग्यांची गाणी ठेवणं, ही निवड जाणून केलेली असो वा नसो, या साउंडट्रॅकमधली सगळ्यात खोल गोष्ट आहे. चॉकलेट जीनियस या नावाने गाणारा मार्क अँथनी थॉम्पसन ‘जूलिया’ जवळजवळ स्वतःशीच म्हणतो. निक केव्ह ‘लेट इट बी’ म्हणतो तेव्हा त्यात दिलासा कमी आणि थकवा जास्त आहे. मॅकार्टनी उंच, मोकळ्या आवाजात गातो, त्यामुळे सांत्वन आधीच मिळालंय असं वाटतं. केव्हचा खर्ज अजून त्याची वाट बघतोय. प्रार्थनागीताची घडी मोडली नाही, लय मोडली नाही, तरीही गाणं वयस्क झालं. वेनराइटच्या खालोखाल हे गाणं.

ज्यांना ही लयीची गोष्ट स्वतः पडताळून पाहायची आहे त्यांच्यासाठी. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरे. मूळ गाणं एका ट्रॅकवर, कव्हर दुसऱ्यावर. पहिला सूर जुळवू नका, सुरुवातीचे तुकडे कमीजास्त लांबीचे असतात. गायकाचा पहिला शब्द ज्या ठोक्यावर पडतो तो ठोका जुळवा. मग दोन्ही ट्रॅक मोनो करून मूळ डाव्या कानात आणि कव्हर उजव्या कानात पाठवा. मोनो करणं गरजेचं, कारण १९६५च्या आसपासच्या स्टिरिओ मिश्रणात आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी वाटणी असते. ‘नोव्हेअर मॅन’ तसंच्या तसं लावलं तर तुलना फसते. शक्य असेल तर २००९च्या मोनो संचातली आवृत्ती घ्या. दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणा. नव्या काळातलं ध्वनिमुद्रण मोठ्याने वाजतं, आणि मोठं ते कानाला चांगलं वाटतं. मग बत्तीस आवर्तनांनंतर ठोके कुठे आहेत बघा.

एक गोष्ट हमखास गोंधळात पाडते. सरासरी लय तंतोतंत असूनही मधे ठोके मागेपुढे होतात. याचा अर्थ कव्हर चुकलं असा नाही. बीटल्स क्लिक ट्रॅकशिवाय, म्हणजे कानात एकसारखी टिकटिक न घेता, वाजवत होते, रिंगो ध्रुवपदाकडे जाताना किंचित पुढे सरकतो आणि अंतऱ्यात परत सैल होतो. नंतरच्या पिढीतली बरीच ध्वनिमुद्रणं एकसारख्या क्लिकवर होतात. त्यामुळे १२० आणि १२१ असा एका ठोक्याचा फरकही तीन मिनिटांत तीन ठोके, म्हणजे दीड सेकंद साठवतो, पण मधली लहर त्याहून वेगळी असते. कोणता कलाकार ती लहर उचलतो आणि कोणता सरळ रेषेत जातो, हे ऐकणं फार शिकवणारं आहे. आणि तुलना योग्य आवृत्तीशी करा : ‘रेव्होल्यूशन’ सिंगलवरचं, अल्बमवरचं संथ ‘रेव्होल्यूशन वन’ नव्हे, ‘लेट इट बी’ मार्च १९७०चं सिंगल आणि त्यानंतरचा अल्बम, दोन्हींत गिटारचा तुकडा वेगळा आहे.

याच जातीचे इतर साउंडट्रॅक शेजारी ठेवले की याची जागा कळते. १९७८च्या ‘सार्जंट पेपर’ चित्रपटात बी जीज आणि पीटर फ्रॅम्प्टन होते, संगीताचा निर्माता खुद्द जॉर्ज मार्टिन, तरी तो फसला. त्यातली एरोस्मिथचं ‘कम टुगेदर’ आणि अर्थ, विंड अँड फायरचं ‘गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ’ एवढी दोन टिकली, कारण त्या दोघांनी गाणं आपल्या घरी नेलं. २००७च्या ‘अॅक्रॉस द युनिव्हर्स’ चित्रपटात लयीची सक्ती नव्हती. तिथे टी. व्ही. कार्पिओ ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ इतकं संथ म्हणते की आनंदाचं गाणं न सांगता येणाऱ्या प्रेमाचं होऊन जातं. असा धक्का ‘आय ॲम सॅम’ कुठेच देऊ शकत नाही. त्याच वर्षीच्या ‘आय ॲम नॉट देअर’चा दुहेरी अल्बम बॉब डिलनच्या गाण्यांचा, ३४ ट्रॅकचा, आणि त्यात यश-अपयशाची टोकं फार लांब आहेत. ‘आय ॲम सॅम’ या तिघांपेक्षा जास्त एकजीव आहे, जास्त सभ्य आहे, आणि सलग ऐकायला सर्वांत सोपा. धक्के हवे असतील तर २००७चे ते दोन घ्या.

घेताना आवृत्ती बघून घ्या. मूळ डिस्कवर सतरा गाणी आहेत आणि जॉन पॉवेलचं पार्श्वसंगीत तिच्यावर नाही. काही देशांत निघालेल्या आवृत्तीत जादा गाणी मिळतात : नील आणि लियम फिन या बापलेकांचं ‘टू ऑफ अस’ आणि निक केव्हचं ‘हिअर कम्स द सन’. हॅरिसनची जागा रिकामी आहे असं वर म्हटलं, ती या दुसऱ्या गाण्याने भरते, आणि बाप-मुलीच्या चित्रपटाला बाप-मुलाने गायलेलं गाणंही शोभतं. दोन्ही आवृत्त्या समोर असतील तर जादा गाण्यांची उचला. सुटी गाणीच घ्यायची असतील तर हा क्रम : वेनराइट, केव्ह, व्हेडर, मॅन-पेन, चॉकलेट जीनियस, वेस्टरबर्ग, स्टिरिओफॉनिक्स, मॅक्लॉक्लन. ‘गोल्डन स्लंबर्स’ घेतलंत तर प्लेलिस्टमध्ये सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे त्याच्यामागे काहीच सुरू होणार नाही.